गवताचं झाड आणि झाडाचं गवत

बांबू हे झाड की गवत? चहाच्या टपरीवर विचारून बघा, बहुतेक जण "झाड" म्हणतील. वनस्पतिशास्त्र म्हणतं गवत! गहू, ज्वारी, ऊस यांच्याच कुळातलं. बेटातले जून बांबू काढले की कंदातून पुन्हा कोंब येतात. म्हणजे मुद्दल शाबूत ठेवून व्याज खायची सोय. गरिबाला यापेक्षा बरी फिक्स्ड डिपॉझिट कुठली?

पण इंग्रजांच्या १९२७ च्या भारतीय वन कायद्यात, कलम २(७) मध्ये, "झाड" या शब्दात ताड, वेत यांच्यासोबत बांबूही टाकला होता. याच कायद्यात तोडलेलं झाड म्हणजे "इमारती लाकूड". झालं! बांबू तोडला की तो लाकूड, आणि लाकूड न्यायचं तर वनखात्याचा वाहतूक परवाना. आपल्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबलचा टाइप भलताच डिक्लेअर झाला, आणि पुढची नव्वद वर्षं सगळा कोड त्यावरच चालला. अर्थात, जंगलाकडे महसूल म्हणून बघणाऱ्यांच्या दृष्टीने हा बग नव्हताच, फीचर होतं :)

भोगलं कोणी? सुपं, टोपल्या, कणग्या विणणाऱ्या बुरडांनी आणि जंगलात राहणाऱ्यांनी. स्वातंत्र्यानंतर सरकारने कागद कारखान्यांना सवलतीत बांबू दिला. कर्नाटकात १९७५ च्या सुमारास बुरडांनी ओरड केली तेव्हा माधव गाडगीळांना अभ्यास करायला सांगितलं गेलं. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. बांबूची वाढ चांगली व्हावी म्हणून बेटाच्या बुडाशी असलेलं काटेरी जाळं साफ केलं जायचं. गावकरी सांगत होते की त्या काट्यांमुळेच कोवळे कोंब वाचतात. काटे गेले आणि कोंब गुरांच्या तोंडी गेले. ज्यांना कळत होतं त्यांना विचारायची पद्धतच नव्हती!

मग आला २००६ चा वनहक्क कायदा. त्यात बांबू स्पष्टपणे "गौण वनोपज" झाला, आणि त्यावर हक्क गावाचा. म्हणजे एका कायद्यात तो लाकूड, दुसऱ्यात वनोपज. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटंसं गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने वर्षानुवर्षं बैठका घेत, सर्वसहमतीने निर्णय करत या गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला.

हक्क मिळाला, पण परवान्याचं पुस्तक वनखात्याच्याच कपाटात! मालक तुम्ही, किल्ली आमच्याकडे. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. एक साधं पावतीपुस्तक, पण ज्याच्या हातात ते, भाव ठरवताना तोच बोलणार.

गंमत पुढेच आहे. वनहक्काच्या नियमांमध्ये वनोपजाच्या वाहतुकीसाठी डोक्यावरचा भारा, सायकल आणि हातगाडी एवढीच साधनं लिहिली होती. आता ट्रकभर बांबू सायकलवरून कसा न्यायचा? २०१२ मध्ये नियम बदलले, योग्य ते वाहन चालेल असं ठरलं, आणि परवाना देण्याचं कामही ग्रामसभेच्या समितीकडे आलं.

मूळ व्याख्या मात्र तशीच होती. नोव्हेंबर २०१७ च्या वटहुकुमाने आणि मग संसदेने केलेल्या दुरुस्तीने "झाड" या व्याख्येतून बांबू हा शब्द काढला. एक शब्द डिलीट करायला नव्वद वर्षं! हा पॅच जंगलाबाहेरच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या बांधावरच्या बांबूसाठी. जंगलातला बांबू आजही वनोपजच आहे, तिथे आधार वनहक्क कायद्याचाच.

बांबूला "हिरवं सोनं" म्हणायची फॅशन आहे. बांबूचे टूथब्रश, बांबूच्या बाटल्या आपण हौसेने घेतो. जरूर घ्यावेत. पण सोनं जंगलात पूर्वीही होतंच की! बेट कोणाचं, परवाना कोणाच्या सहीचा आणि भाव कोण ठरवणार, हे सुटल्याशिवाय त्यातलं गावाच्या हाती काही लागलं नाही. नुसती लागवड वाढवून हे प्रश्न सुटत नाहीत.

असो. पुढच्या वेळी सूप हातात घ्याल तेव्हा जरा निरखून बघा. गवतच आहे ते.