एका गॅलनमध्ये किती मैल? सहा सिलिंडरच्या मोटारी आणि इंधनबचतीचा इतिहास

१/
१९४१ सालासाठी अमेरिकेतील नॅश कंपनीने एक मोटार बाजारात आणली. तिचे नाव 'नॅश ६००'. हा आकडा अश्वशक्तीचा नव्हता आणि इंजिनाच्या आकाराचाही नव्हता. २० गॅलनची टाकी एकदा भरली की ६०० मैल जाता येईल, हा कंपनीचा दावाच गाडीचे नाव झाला होता. गॅलनला ३० मैल, म्हणजे लिटरला सुमारे पावणेतेरा किलोमीटर. आणि ही गाडी सहा सिलिंडरची होती. (थ्रेड)

२/
१९७३ च्या तेलसंकटापूर्वी अमेरिकेत कोणी पेट्रोलचा विचारच करत नव्हते, असा एक सरधोपट समज आहे. जुन्या सहा सिलिंडर मोटारींचा इतिहास तो समज खोटा ठरवतो. बचतीचे ज्ञान कित्येक दशके उपलब्ध होते. वाद होता तो वेगळ्याच प्रश्नाचा: बचत करायची कोणी? गाडी चालवणाऱ्याने, की गाडी बनवणाऱ्याने?

३/
सहा सिलिंडरचे इंजिन सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आणले शेव्हरोलेने, १९२९ मध्ये. जाहिरातीचा आशय असा की चार सिलिंडरच्या किमतीत सहा घ्या. इंजिन होते १९४ घनइंचाचे. त्याच सुमारास, १९२८ मध्ये, जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे गाड्यांच्या जुळणीचा कारखाना सुरू केला होता. त्यामुळे या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो.

४/
सहाच का? एका रांगेतील सहा सिलिंडरमध्ये दट्ट्यांच्या हालचाली एकमेकींना तोलून धरतात. त्यामुळे इंजिन फार थरथरत नाही आणि कमी फेऱ्यांवरही वरच्या गिअरमध्ये गाडी न अडखळता ओढते. चार सिलिंडरच्या गाडीत जेथे गिअर उतरवावा लागे, तेथे सहा सिलिंडरची गाडी तशीच पुढे जाई. इंधनबचतीच्या दृष्टीने हा गुण फार मोलाचा ठरला.

५/
त्याचे कारण यंत्रात आहे. पेट्रोल इंजिनात हवेची वाट एक झडप अडवते. अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबला की झडप अर्धवट मिटलेली राहते आणि दट्ट्यांना हवा ओढण्यासाठीच कष्ट पडतात. मोठे इंजिन हलक्या कामावर चालवले की हा अपव्यय वाढतो. त्याच वेगासाठी वरचा गिअर टाकला, तर फेऱ्या कमी होतात, झडप थोडी अधिक उघडते आणि पेट्रोल वाचते.

६/
हे सारे चालकांना अनुभवाने ठाऊक होते. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात गिलमोर या तेलकंपनीने इंधनबचतीची शर्यत सुरू केली. पुढे ती 'मोबिलगॅस इकॉनॉमी रन' म्हणून देशभर गाजली आणि महायुद्धाचा खंड वगळता १९६८ पर्यंत चालली. येथे प्रथम पोहोचणारा जिंकत नसे. नेहमीच्या रस्त्यांवर, ठरलेल्या वेळेत, सर्वांत कमी इंधन जाळणारा जिंके.

७/
सुरुवातीच्या काळात निकाल ठरवताना गाडीचे वजनही हिशेबात धरले जाई. त्यामुळे जड गाडीलाही जिंकण्याची संधी मिळे. निष्णात चालक अ‍ॅक्सिलरेटर अतिशय हलका दाबत, पुढचा सिग्नल दुरूनच हेरत, ब्रेक शक्यतो टाळत. या शर्यतींतील आकडे जाहिरातींत झळकत. घरच्या चालकाला मात्र ते क्वचितच साधत. गाडी तीच, पेट्रोल तेच. फरक फक्त पायाचा असे.

८/
मग युद्ध आले. मे १९४२ मध्ये अमेरिकेच्या पूर्वेकडील १७ राज्यांत पेट्रोलचे रेशनिंग लागू झाले आणि १ डिसेंबर १९४२ पासून ते देशभर पसरले. काचेवर 'ए' अक्षराची चिकटपट्टी असलेल्या सामान्य गाडीला आठवड्याला आरंभी ४ गॅलन आणि पुढे ३ गॅलन मिळत. ३ गॅलन म्हणजे साडेअकरा लिटरांच्याही आतच.

९/
गंमत अशी की देशव्यापी रेशनिंगमागचे मुख्य कारण पेट्रोल नव्हतेच. ते होते रबर. आग्नेय आशियातील मळे जपानच्या ताब्यात गेल्याने नैसर्गिक रबराचा बहुतांश पुरवठा तुटला होता. टायर वाचवायचे तर गाड्या कमी आणि सावकाश चालल्या पाहिजेत. म्हणून ताशी ३५ मैलांची, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरची, वेगमर्यादा घालण्यात आली.

१०/
नव्या खासगी मोटारींचे उत्पादन १९४२ च्या आरंभीच थांबले होते. लोकांना जुनीच गाडी जपावी लागली. हा प्रवास खरोखर आवश्यक आहे का, असे भित्तिपत्रके विचारू लागली. टायरमध्ये पुरेशी हवा, स्वच्छ प्लग, शेजाऱ्यासोबत एकाच गाडीतून कामावर जाणे, हे सारे देशकर्तव्य ठरले. येथे बचतीचा संपूर्ण भार चालकावर होता. युद्धात तो लोकांनी बव्हंशी स्वीकारलाही.

११/
ऑगस्ट १९४५ मध्ये पेट्रोलचे रेशनिंग उठले आणि चित्र पालटले. १९५० च्या दशकात गाड्या लांब, रुंद आणि जड होत गेल्या. व्ही-८ इंजिन प्रतिष्ठेचे लक्षण बनले. या प्रवाहाविरुद्ध अमेरिकन मोटर्सचे प्रमुख जॉर्ज रॉमनी उभे राहिले. मोठ्या गाड्यांना ते पेट्रोल गिळणारे डायनोसॉर म्हणत. त्यांची लहान 'रॅम्बलर', बहुधा सहा सिलिंडरची, १९५८ च्या मंदीतही अधिक खपली.

१२/
तेव्हा मोठ्या कंपन्यांनाही जाग आली. क्रायस्लरने १९६० सालच्या 'व्हॅलियंट'साठी एक नवे इंजिन तयार केले. बॉनेट बुटके ठेवता यावे म्हणून सहा सिलिंडरची रांग ३० अंशांनी कलती केली होती. म्हणून त्याचे नाव पडले 'स्लँट सिक्स'. १७० आणि २२५ घनइंच अशा त्याच्या दोन प्रारंभीच्या आवृत्त्या. टिकाऊपणासाठी हे इंजिन पुढे जवळजवळ दंतकथा बनले.

१३/
ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्धाच्या पार्श्वभूमीवर अरब तेलउत्पादक देशांनी उत्पादन घटवले आणि अमेरिकेला तेल देणे थांबवले. ही बंदी मार्च १९७४ मध्ये उठली. पण तोवर पिंपामागे सुमारे ३ डॉलरचा भाव १२ डॉलरच्या आसपास गेला होता. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. काही राज्यांत सम-विषम क्रमांकांनुसार पेट्रोल देण्याची पद्धत सुरू झाली.

१४/
झळ भारतालाही बसली. नोव्हेंबर १९७३ मध्ये पेट्रोल आणि रॉकेलच्या दरवाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष निक्सन अमेरिकी जनतेला वेग कमी करण्याचे आणि पंपचालकांना शनिवार रात्रीपासून रविवारभर विक्री बंद ठेवण्याचे आवाहन करत होते.

१५/
२ जानेवारी १९७४ रोजी निक्सन यांनी ताशी ५५ मैलांच्या वेगमर्यादेच्या कायद्यावर सही केली. यामागे साधे भौतिकशास्त्र होते. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५५ मैलांऐवजी ७० मैलांनी गेल्यास वेग वाढतो २७ टक्के, पण अवरोध वाढतो सुमारे ६२ टक्के. जुन्या चौकोनी गाड्यांना तर तो अधिकच जाचे.

१६/
ज्या कुटुंबाला नवी गाडी परवडत नव्हती, त्याने जुनी सहा सिलिंडरची गाडीच नीट लावून घेतली. पॉइंटमधील अंतर, प्लग, स्पार्कची वेळ, कार्ब्युरेटरचे मिश्रण, हवेचा फिल्टर तपासायचा. चोक अडकून राहत असेल तर तो सोडवायचा, कारण तो अडकला की गरम इंजिनालाही दाट मिश्रण जात राहते. घासणारे ब्रेक आणि मऊ टायर यांतूनही पेट्रोल गळावे तसे खर्च होई.

१७/
या गरजेवर धंदाही उभा राहिला. कार्ब्युरेटरखाली बसवायच्या चकत्या, इंधनवाहिनीवर लावायची चुंबके, पेट्रोलमध्ये टाकायच्या गोळ्या, अशा नाना क्लृप्त्या विकल्या गेल्या. अखेर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे अशा उपकरणांची परीक्षा सोपवण्यात आली. शंभरांहून अधिक उपकरणे तपासली गेली. बहुतेकांचा उपयोग नगण्य किंवा शून्य निघाला.

१८/
खऱ्या उपयोगाचे एक साधन मात्र साधेच होते: निर्वातमापक. इंजिनाच्या हवाई नळीतील निर्वात किती आहे, हे त्याचा काटा दाखवतो. अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की काटा कोसळतो. क्रायस्लरने याच तत्त्वावर 'फ्युएल पेसर' दिले. पाय जड झाला की पुढच्या मडगार्डवरचा छोटा दिवा लागे. गाडीच चालकाला त्याची चूक दाखवू लागली.

१९/
पण चालक कितीही शहाणा असला, तरी वजन आणि गिअर त्याच्या हाती नव्हते. ते कारखान्याच्या हाती होते. १९७६ साली प्लिमथने 'फेदर डस्टर' काढली. इंजिन जुनेच, २२५ घनइंचाचे स्लँट सिक्स. बॉनेट आणि डिकीच्या आतील आधारांत, बंपरच्या पट्ट्यांत, हवाई नळीत अ‍ॅल्युमिनियम वापरले. सोबत ओव्हरड्राइव्हचा चार गिअरचा गिअरबॉक्स दिला.

२०/
शासकीय चाचणीत या गाडीने गॅलनला शहरात २४ आणि महामार्गावर ३६ मैलांपर्यंत मजल मारली. म्हणजे लिटरला सुमारे १० आणि १५ किलोमीटर. त्या काळच्या प्रयोगशाळेतील चाचण्या प्रत्यक्ष रस्त्यापेक्षा उदार होत्या, हे खरे. तरीही मुद्दा उरतोच. मूळ इंजिन १९६० चे होते. हलके भाग आणि लांब गिअर यांसाठी कोणत्याही नव्या वैज्ञानिक शोधाची वाट पाहावी लागली नव्हती.

२१/
हाच मुद्दा कायद्यात उतरला. २२ डिसेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केलेल्या कायद्याने प्रत्येक कंपनीच्या नव्या मोटारींच्या सरासरी मायलेजवर बंधन घातले: १९७८ साठी गॅलनला १८ मैल, १९८५ साठी साडेसत्तावीस. नव्या गाड्यांची सरासरी दशकभरात जवळजवळ दुप्पट झाली. त्यात महाग पेट्रोलचाही वाटा होता. पण जबाबदारीची जागा बदलली होती.

२२/
मुंबईने या प्रश्नाचे स्वतःचे उत्तर शोधले होते. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने स्वातंत्र्यानंतर डॉज, प्लिमथ, डी सोटो या क्रायस्लर घराण्यातील गाड्यांची जुळणी केली. त्यांत सहा सिलिंडरची इंजिने असत. पेट्रोल परवडेना, तेव्हा अशा अनेक जुन्या अमेरिकी गाड्यांत डिझेल इंजिन बसवून त्या राबवल्या गेल्या. पुढे त्याच कारखान्याची लहान चार सिलिंडरची फियाट शहराची टॅक्सी बनली.

२३/
ताशी ५५ मैलांचा नियम चालकांना कधीच आवडला नाही. १९८७ मध्ये तो ग्रामीण महामार्गांवर सैल झाला आणि १९९५ मध्ये रद्द झाला. कारखान्यांवरील बंधन मात्र त्यानंतरही टिकून राहिले. सवय बदलण्याची सक्ती संकटापुरती चालते. संकट ओसरले की पाय पुन्हा जड होतो. यंत्रातच घडवलेली बचत चालकाचा संयम मागत नाही.

२४/
म्हणून या इतिहासात दोन्ही बाजूंचे देणे आहे. हलका पाय, पुरेशी हवा आणि वेळेवर ट्यूनिंग यांनी जुन्या गाड्यांतून बरेच काही मिळवले, आणि ते श्रेय सामान्य चालकाचे. पण 'नॅश ६००' आणि 'फेदर डस्टर' यांच्यामधली ३५ वर्षे सांगतात की हलकी, काटकसरी गाडी बनवता येत होती. ती सर्वांसाठी बनवावी, हे ठरवायला एक संकट आणि एक कायदा लागला.

(समाप्त)