हरितगृहातील जरबेराला मळीचे खत : वापर आणि मर्यादा

जरबेरा, कार्नेशन यांसारख्या हरितगृहातील शोभेच्या फुलांना विद्राव्य खतांचा मोठा आधार लागतो. मात्र 0:0:50 सारख्या खतांतील पालाश परदेशातून येतो, कारण भारतात पालाश खनिजाचे व्यापारी उत्पादन होत नाही. दुसरीकडे कोरेगावसारख्या ऊस पिकविणाऱ्या तालुक्यात उसाबरोबर शेतातून बाहेर पडणारी अन्नद्रव्ये साखर कारखान्याच्या उपपदार्थांत साठून राहतात. तालुक्यात चिमणगाव येथे जरंडेश्वर साखर कारखाना आहे. ही अन्नद्रव्ये फुलशेतीत परत आणता येतात. मात्र त्यासाठी काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे.

प्रेसमड
रस गाळल्यानंतर उरणारी मळी म्हणजे प्रेसमड. गाळप केलेल्या उसाच्या सुमारे 3 ते 4 टक्के प्रेसमड मिळतो. त्यात सेंद्रिय कर्ब, स्फुरद व कॅल्शियम असते. ताजा प्रेसमड कुजताना तापतो आणि त्यातील मेणामुळे सावकाश कुजतो. त्यामुळे तो थेट गादीवाफ्यात मिसळू नये. जिवाणू संवर्धक मिसळून, ओलावा राखून व वारंवार ढीग पालटून तो पूर्ण कुजवावा. पक्व खत काळसर, भुसभुशीत व दुर्गंधरहित असते.

राखेतील पालाश
मोलॅसिसपासून मद्यार्क तयार केल्यावर उरणारा स्पेंटवॉश जाळल्यानंतर पालाशयुक्त राख मिळते. या राखेपासून किमान 14.5 टक्के पालाश असलेले दाणेदार खत तयार होते. केंद्र शासनाने 2021 मध्ये या खताचा अन्नद्रव्याधारित अनुदान योजनेत समावेश केला. मात्र हे खत ठिबकमधून देण्याच्या विद्राव्य खताला पर्याय नव्हे. न विरघळणाऱ्या कणांनी ड्रिपर बंद पडतात. कच्ची राख तर अल्कधर्मी असल्याने फुलपिकासाठी अयोग्यच ठरते.

धोका कोठे?
जरबेराला 5.5 ते 6.5 सामू मानवतो. सामू वाढल्यास लोह उपलब्ध होत नाही आणि कोवळी पाने शिरांमधून पिवळी पडतात. क्षार वाढल्यास मुळे करपतात, फुलाचा दांडा आखूड राहतो. एकदा लावलेले जरबेराचे रोप अडीच ते तीन वर्षे उत्पादन देते. त्यामुळे लागवडीच्या वेळी झालेली चूक पुढे संपूर्ण हंगामभर नव्हे, तर वर्षानुवर्षे भोवते. ऊतिसंवर्धित रोपांचा खर्च पाहता ती परवडणारी नाही.

वापरताना घ्यावयाची काळजी
- गादीवाफ्यासाठी तांबडी माती, शेणखत व भाताचे तूस साधारण 70:20:10 या प्रमाणात घेतात. यातील शेणखताचा काही भागच प्रेसमड कंपोस्टने बदलावा.
- लागवडीपूर्वी मिश्रणाचा सामू व विद्युत वाहकता प्रयोगशाळेतून तपासून घ्यावी. वाहकता 1 मिलिसीमेन्सपेक्षा अधिक असल्यास गोड्या पाण्याने क्षारांचा निचरा करून पुन्हा तपासणी करावी.
- प्रत्येक खेपेतील कंपोस्टचे पृथक्करण वेगळे करावे. कारखाना व प्रक्रिया बदलली की घटकही बदलतात.
- कंपोस्टमधून मिळणारा स्फुरद व पालाश विद्राव्य खतांच्या वेळापत्रकातून वजा करावा. अन्यथा मात्रा दुप्पट होते.
- प्रथम एकाच वाफ्यावर वापर करून शेजारच्या वाफ्याशी फुलांची संख्या, दांड्याची लांबी व फुलदाणीतील टिकाऊपणा यांची तुलना करावी.

निचऱ्याचे पाणीही खतच
कुंड्यांत किंवा कोकोपीटवर लागवड असल्यास निचऱ्याच्या पाण्यातून अन्नद्रव्ये वाहून जातात. नेदरलँड्समधील हरितगृहांत हे पाणी गोळा करून, निर्जंतुक करून पुन्हा पिकाला देतात. निर्जंतुकीकरणाची सोय नसल्यास मात्र ते फुलपिकाला परत देऊ नये. एका रोपाची मूळकूज त्यातून सर्वत्र पसरू शकते. असे पाणी बाहेरील उसाला देणे अधिक सुरक्षित. कमी पावसाच्या पट्ट्यात त्यामुळे पाणी व खत या दोहोंची बचत साधते.

उपपदार्थ जवळ मिळतो म्हणून तो पिकाला मानवेलच असे नाही. माती व खताच्या तपासणीचा अहवाल हाती आल्याशिवाय संपूर्ण हरितगृहात नव्या खताचा वापर करू नये.