चौसष्टचे एकशे ब्याण्णव

परवा चोपड्याच्या घरी माळा आवरताना जुना संगणक सापडला. मंडळी, आमच्या घराच्या इतिहासात या खोक्याचं एक प्रकरण आहे.

1999 च्या दिवाळीत तो घेतला. दीडेक महिना आधी, 21 सप्टेंबरला, तैवानात मोठा भूकंप झाला होता. तिथले चिपचे कारखाने बंद पडले आणि जगभर रॅमचे भाव भडकले. बाबांनी 128 एमबीऐवजी 64 वर भागवलं. तेव्हा काही बिघडलं नाही.

बिघडलं पुढे. दादा अमेरिकेत गेला, त्याच्या मेल रोमन लिपीत येत. मराठी फॉन्ट होते, पण प्रत्येकाची सांकेतिक मांडणी वेगळी. तोच फॉन्ट समोरच्याकडे नसला की नुसता चिखल दिसे. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासूनच होती, पण आमच्या विंडोज 98 ला तिची नीट जाण नव्हती. एक्सपीला होती. एक्सपी 64 वर चालते म्हणायची, शिफारस मात्र 128 ची. आमच्याकडे ती अक्षरशः रांगली असती. त्यामुळे आजीला मेल मीच वाचून दाखवायचो. (थोडं गाळून. असो.)

2005 साली तापी ओलांडून जळगावला गेलो आणि 'रॅम द्या' एवढंच म्हणालो. मिळाली डीडीआर: 184 पिना, एक खाच. आमच्या मदरबोर्डला हवी होती 168 पिनांची, दोन खाचांची एसडीरॅम. चूक माझीच. पुन्हा एसटी, पुन्हा जळगाव. 128 ची पट्टी बसवली तर तीन बीप! काढली, सोनेरी पिना खोडरबरने पुसल्या, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या 'टक्' होईपर्यंत दाबली. पडद्यावर 192 एमबी मोजले गेले. मग एक्सपी टाकली, तिच्या सीडीवरून भारतीय लिप्यांच्या फाइल्स घातल्या.

तिकडे दादा 'बरहा'वर मराठी टंकायला शिकला होता. त्याचं पहिलं देवनागरी पत्र अक्षरं मोठी करून आजीपुढे ठेवलं. ती बोट फिरवत वाचू लागली आणि एका ओळीवर थांबली. 'मागच्या दोन पत्रांत लिहिल्याप्रमाणे या दिवाळीलाही जमणार नाही.'

"तू माले काबरं नही सांगं?" आजीने विचारलं.

मी काय बोलणार? तिने चष्मा पुसला आणि मागची दोन्ही पत्रं काढायला सांगितली. ती रोमनमध्ये होती. या वेळी शब्दन् शब्द वाचला.