भोरचं तिकीट आणि उजेडाचा हिशोब

भोर संस्थानाने १८७९ मध्ये अर्ध्या आणि एक आण्याची पोस्टाची तिकिटं काढली. देशी कागदावर हाताने ठसा मारलेली, किरमिजी, दातेरी कडा नसलेली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. हे चिमुकले कागद उरले. ते फ्रेम करून भिंतीवर लावायचा मोह मलाही होतो. पण उजेडाने होणारं नुकसान साठत जातं आणि त्याला ‘अनडू’ नाही. यूव्ही काच अतिनील किरण अडवते, दिसणारा प्रकाश नाही. रंग त्यानेही विटतो. म्हणून संग्रहालयं अशा कागदांवर साधारण ५० लक्सच उजेड ठेवतात, तोही मोजके महिने. मी भिंतीवर स्कॅनची प्रिंट लावेन, मूळ तिकीट अल्बमच्या अंधारात. कॅटलॉगात ‘किरमिजी’ लिहिलेलं राहीलच. पुढच्या पिढीला ते कागदावरही दिसायला हवं.