नूतनीकरण केलेले घर भाड्याने घेताना

विलेपार्ले पूर्वेला १९६०-७०च्या दशकांत बांधलेल्या तीन-चार मजली इमारती अजूनही उभ्या आहेत. बाहेरून पोपडे सुटलेल्या अशा एखाद्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचे दार उघडावे आणि आत चकचकीत फरश्या, मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंगमधले दिवे दिसावेत, हा अनुभव भाड्याचे घर शोधणाऱ्यांना नवा नाही. दलाल अशा घराला ‘फुल्ली रिनोव्हेटेड वन बीएचके’ म्हणतो आणि भाडेही त्याच हिशेबाने सांगतो.

यातील काही घरे मूळ नकाशात ‘वन रूम किचन’ असतात. बाल्कनी आत घेऊन ओटा तिकडे सरकवला की जुन्या स्वयंपाकघराची बेडरूम होते. ओट्याबरोबर सांडपाण्याची वाटही बदलते आणि खालच्या घराच्या छताला ओल धरते. मग तक्रार घेऊन शेजारी येतो तो राहणाऱ्याकडेच, मालकाकडे नव्हे. म्हणून घर पसंत पडले तरी एक जिना उतरून खालच्या बिऱ्हाडाकडे चौकशी करावी. जुन्या मोझॅकवरच नव्या फरश्या बसवल्या आहेत का, न्हाणीघराचा उंबरठा नावापुरता तर उरलेला नाही ना, हेही पाहावे. वायरिंग बदलले नसेल, तर एसी आणि गीझर एकदम चालवणे धोक्याचे ठरते. फॉल्स सीलिंग शोभेसाठी असते, तसेच ओल झाकण्यासाठीही असते. घर पावसाळ्यात पाहण्याचा फायदा इथे कळतो.

इमारतीचे वयही विचारात घ्यावे. आदर्श उपविधींनुसार तीस वर्षांवरील इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करायचे असते. संस्था पुनर्विकासाच्या वाटेवर असेल, तर विकासकाकडून मिळणारे पर्यायी निवासाचे भाडे मालकाला मिळते. करारावर राहणाऱ्याला मिळते ती घर सोडण्याची सूचना.

करार ‘लीव्ह अँड लायसन्स’चा, बहुधा अकरा महिन्यांचा असतो. अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे असून ती जबाबदारी मालकाची आहे. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणी नसेल, तर वादात अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी : मुदत संपल्यावर घर न सोडल्यास कलम २४नुसार दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामतीवरील दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असते. भाडे ४० हजार, अनामत दीड लाख आणि मुदत अकरा महिने धरल्यास ते अकराशे-बाराशे रुपयांच्या घरात जाते. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये. नोंदणी ऑनलाइनही होते. संस्थेचे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही. ते कोण भरणार, हे करारात लिहून घ्यावे.

खरी कुरबुर होते ती घर सोडताना, अनामतीवरून. घर जितके सजवलेले, तितकी कापून घ्यायला कारणे अधिक : चिमणीचा फिल्टर, ट्रॉलीची फुटलेली चाके, काचेच्या दारावरचा ओरखडा. त्यामुळे सामानाची यादी स्थितीसह करारास जोडावी आणि ताबा घेण्याच्या दिवशीच छायाचित्रे काढून मालकाला पाठवावीत. दीर्घ वापराची झीज आणि नुकसान यांत फरक करणारी ओळ करारात हवी. किल्ल्या आणि अनामत यांची देवघेव एकाच दिवशी होईल, अशी अटही घालून घ्यावी. ‘आठवड्याभरात चेक देतो’ या तोंडी शब्दावर किल्ल्या सोपवू नयेत.