घरच्या फितींची बखर

आपल्याकडे बखरी झाल्या त्या राजेरजवाड्यांच्या आणि पोवाडे झाले ते लढायांचे. माजघरातल्या माणसांचा आवाज जपावा असे कोणाच्या मनात आले असते, तरी साधन कोठे होते? १८९८ साली डेन्मार्कच्या पौल्सेनने पोलादी तारेवर आवाज उतरवला, १९२८ साली जर्मनीत फ्लॉयमरने कागदी फितीवर लोहाच्या भुकटीचा थर चढवला. पण ही यंत्रे माजघरात येणारी नव्हती. तेथे पोचली ती कॅसेट. फिलिप्सचा अभियंता लू ओटेन्स लाकडाचा ठोकळा कोटाच्या खिशात घालून हिंडे. नवे साधन खिशात मावलेच पाहिजे, हा त्याचा हट्ट. १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ते मांडले गेले.

आमच्या घरी टेपरेकॉर्डर आला तो १९८२ साली, कुवेतहून आलेल्या काकांबरोबर. कोकणातल्या कित्येक घरांत तो असाच आखाती वाटेने आला. फोन महाग, पत्र लिहायला आजीला अक्षरओळख नाही. मग कॅसेटच पत्र होऊन जाई.

यंदाच्या पावसाळ्यात त्या साऱ्या फिती संगणकावर उतरवायला बसलो. एकूण ४३. त्यांतल्या विकतच्या अभंगांच्या आणि नाट्यगीतांच्या मी प्रथमच बाजूला सारल्या. त्यांच्या प्रती जगात आणखी आहेत; आजीच्या ओव्यांची प्रत एकच. गिरणी आल्यापासून कोपऱ्यात गेलेले जाते तिने त्या दिवशी मुद्दाम मांडायला लावले होते. घरघर ऐकू आल्याशिवाय तिला ओवी सुचेना!

काम सोपे, पण घाईचे नव्हे. साठ मिनिटांच्या फितीला साठ मिनिटे द्यावीच लागतात. पेन्सिलीने ढिली फीत आवळावी, यंत्राचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे, कानयंत्राच्या छिद्रातून तार संगणकाला जोडावी. ऑडॅसिटी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम मग सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेतो. तासाला सुमारे ६०० एमबी जागा लागते. खरखर काढण्याची सोयही त्यात आहे. मी मूळ प्रतीवर ती वापरीत नाही. खरखरीबरोबर मागची भांडी आणि कोंबडाही पुसट होतो, आणि मला विचाराल तर तोही इतिहासच आहे.

एक गंमत सांगतो. गुंडाळलेल्या फितीचा एक थर वर्षानुवर्षे शेजारच्या थरावर उमटत राहतो. त्यामुळे आजी बोलण्याआधीच क्षणभर तिचा पुसट आवाज ऐकू येतो, जणू पलीकडच्या खोलीतून.

आजोबांची फीत मात्र हाती लागली नाही म्हणायची. कुवेतला जाऊन परत आलेल्या त्या फितीवर पुढे कोणीतरी सिनेमाची गाणी भरली. गाणी संपल्यावर उरलेल्या टोकावर त्यांचे अकरा सेकंद आहेत: ‘...विहिरीला पाणी आहे. तू काळजी करू नकोस. बंद कर आता.’

अजून एकोणीस फिती शिल्लक आहेत. भाऊबीजेला आत्या यायची आहे. आठव्या फितीत मागल्या दारातून आजीला नावाने हाक मारणारी बाई कोण, हे तिलाच ठाऊक असेल.