फेरफाराची नोंद

वेबपानाच्या आत काही बदलले तर ते कोडला कधी कळावे, बदल होताक्षणी की हातातले काम उरकल्यावर? ब्राउझर बनवणाऱ्यांना याचे नीट उत्तर मिळायला बारा वर्षे लागली. नोव्हेंबर २००० मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने मंजूर केलेल्या ‘डॉम लेव्हल २’ या मानकात सात ‘म्युटेशन इव्हेंट’, म्हणजे बदलाच्या वर्द्या होत्या. घटक घातला की ‘डॉमनोडइन्सर्टेड’ची वर्दी जाई, तीही तिथल्या तिथे. पण हजार ओळींची यादी एकेक करून भरायची तर काम हजार वेळा थांबे, आणि दर वेळी वर्दी पानाच्या मुळापासून घटकापर्यंत जाऊन परत येई. त्याहून घातक म्हणजे, वर्दी ऐकणारा कोड तो नवा घटक तेवढ्यातच उपटून टाकू शके. ब्राउझरचे काम अर्ध्यावर, आणि ज्याच्यावर ते चालले होते तोच जागेवर नाही. यातून ब्राउझर कोसळत, सुरक्षेला भगदाडे पडत.

२०१२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आलेल्या ‘म्युटेशनऑब्झर्व्हर’ने ही घाई सोडली, आणि माझ्या मते त्याचे सगळे बळ याच सोडण्यात आहे. महसुली कामात म्युटेशन म्हणजे फेरफार. जमिनीचा व्यवहार आधी पुरा होतो, मग गाव नमुना ६ मध्ये त्याची नोंद पडते. इथेही चालू कोड संपेपर्यंत नोंदी साठतात आणि पडद्यावर नवे चित्र उमटण्याआधी एकगठ्ठा हाती येतात. उशिरा कळले तर घटक काढण्यापासून कुणाला अडवता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण माहिती हरवत नाही: काढलेला घटक नोंदीत असतो, मागितल्यास गुणधर्माची जुनी किंमतही मिळते. खोट आहे ती वेगळीच. रकान्यात कुणी टाइप केले तर त्याची नोंद होत नाही, त्यासाठी ‘इनपुट’ इव्हेंटच लागतो.

क्रोमने जुने इव्हेंट काढले ते थेट जुलै २०२४ मध्ये, १२७व्या आवृत्तीत. तोवर या उशिराचीच गरज असलेलेही निघाले होते. चालू काम संपल्यावर पुढचे काम करवणारी ‘प्रॉमिस’ ही सोय जिथे नव्हती अशा ब्राउझरसाठी व्ह्यू २ ही जावास्क्रिप्ट लायब्ररी मजकुराचा एक तुकडा तयार करी, तो पानावर कधीच ठेवत नसे, त्यावर म्युटेशनऑब्झर्व्हर बसवी, आणि त्यातल्या ० चा १, १ चा ० करी. तो बदल कुणाला बघायचाच नव्हता. हवा होता चालू काम संपल्यानंतरचा नेमका क्षण.